शेवटच्या मताची किंमत: काठावरचं बहुमत आणि अमेरिकेतली खर्चाची बिलं

मागच्या अंकात अमेरिकेतल्या शटडाउनवर, म्हणजे खर्चाचं बिल अडकून सरकारी कामकाज बंद पडण्यावर, लिहिलं होतं, त्यावर खूप पत्रं आली, मेल आले, व्हॉट्सॲपवर तर वाचकांनी एकमेकांशीच वाद घातले. बहुतेकांचा प्रश्न फिरून फिरून एकच, की बहुमत असूनही तिकडे खर्चाचं मोठं बिल पास करताना एवढी दमछाक का होते, आणि पास होतं तेव्हा नेमकं काय करून होतं. म्हणून यावेळी सगळं सदर याच विषयाला दिलंय. आकडे वाचताना एवढं लक्षात ठेवा की तिकडचा एक ट्रिलियन म्हणजे आपले एक लाख कोटी, मी सगळीकडे लाख कोटी डॉलर असंच लिहिलंय.

प्रश्न: ताई, मी बँकेतून रिटायर झालोय, बातम्या बघण्यात दिवस जातो. आपल्याकडे पक्षाने व्हिप काढला की विषय संपला. तिकडे मात्र सत्ताधारी पक्षाचाच एखादा सिनेटर महिनोन् महिने बिल अडवून बसतो आणि पक्ष त्याला काहीच करत नाही. शिस्त म्हणून काही आहे की नाही? – एक वाचक, सांगली

काका, नमस्कार. शिस्त लावायला पक्षाच्या हातात तिथे काही हत्यारच नाहीये. आपल्याकडे १९८५ मध्ये ५२वी घटनादुरुस्ती झाली, दहावं परिशिष्ट आलं, तेव्हापासून व्हिप मोडून मत दिलं तर आमदारकी-खासदारकी जाऊ शकते. अमेरिकेत असला कायदाच नाही. व्हिप हे तिथे एक पद आहे आणि त्या माणसाचं मुख्य काम म्हणजे मतं मोजत फिरायचं, कोण पक्कं कोण डळमळीत ते नेत्याच्या कानावर घालायचं, जमेल तेवढी समजूत काढायची. तिकीटही वरून येत नाही, मतदारसंघात प्रायमरी होते आणि तिथले मतदारच उमेदवार ठरवतात, त्यामुळे तिकीट कापू ही धमकी नेत्यांना सरळ देताच येत नाही.

जो मॅन्चिन यांचं उदाहरण घ्या. तेव्हा वेस्ट व्हर्जिनियाचे डेमोक्रॅट सिनेटर होते. त्या राज्यात २०२० ला ट्रम्पना जवळपास ६९ टक्के मतं पडली होती, अशा ठिकाणाहून डेमोक्रॅट निवडून येतो हेच पक्षाला अप्रूप. त्यांना जास्त दुखावलं असतं तर ती जागा हातची जायची आणि जागेबरोबर सिनेटमधलं बहुमतही. २०२४ ला ते उभे राहिले नाहीत आणि जिम जस्टिस या रिपब्लिकन उमेदवाराने ती जागा आरामात घेतली, म्हणजे पक्षाची भीती खरीच होती.

आणि अजून एक फरक आहे जो आपल्या लवकर लक्षात येत नाही. आपल्याकडे लोकसभेत अर्थविधेयक पडलं तर सरकारलाच जावं लागतं. १९९९ च्या एप्रिलमध्ये वाजपेयींचं सरकार विश्वासदर्शक ठरावावर २६९ विरुद्ध २७० असं एका मताने गेलं ते तुम्हाला आठवत असेलच. तिकडे राष्ट्राध्यक्ष चार वर्षांसाठी पक्का, बिल पडलं तर फक्त बिल पडतं, खुर्चीला धक्का लागत नाही. त्यामुळे नाही म्हणणाऱ्याला फारशी भीती नसते. मला ही मोकळीक मनापासून आवडते, निवडून दिलेल्या माणसाला आपल्या लोकांचा विचार करून पक्षाला नाही म्हणता आलंच पाहिजे. पण बहुमत काठावरचं असलं की हीच मोकळीक सगळ्या देशाच्या खर्चाची चावी एक-दोन जणांच्या हातात देऊन टाकते, आणि मग पक्षाचं सगळं डोकं विरोधकांपेक्षा आपल्याच त्या शेवटच्या माणसाभोवती फिरत राहतं.

प्रश्न: ताई, मी पुण्यात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतेय. सिनेटमध्ये ६० मतं लागतात असं वाचलंय, मग ५१-५० ने एवढी मोठी बिलं पास कशी होतात? आपल्या मनी बिलासारखं काही आहे का? – एक विद्यार्थिनी, सदाशिव पेठ

हो ग, थोडंसं तसंच आहे. सिनेट म्हणजे तिथलं वरचं सभागृह, त्यात १०० जण. साध्या बिलावरची चर्चा थांबवून मतदानाला यायचं म्हटलं तरी ६० जणांची संमती लागते, आणि विरोधक चर्चा संपूच देत नाहीत त्याला फिलिबस्टर म्हणतात. एवढी मतं आता कुणाकडेच नसतात. पण १९७४ च्या बजेट कायद्यात रिकन्सिलिएशन नावाची एक वाट ठेवलेली आहे, १९८० ला पहिल्यांदा वापरली. आधी दोन्ही सभागृहांनी बजेट ठराव करायचा, त्यात समित्यांना अमुक एवढा खर्च-कर बदला असं सांगायचं, आणि मग जे बिल येईल त्यावर सिनेटमध्ये चर्चेला २० तासांची मर्यादा, फिलिबस्टर नाही, साधं बहुमत पुरे. ५०-५० झालं तर उपराष्ट्राध्यक्षांचं मत. २०२१-२२ मध्ये कमला हॅरिस आणि २०२५ मध्ये जे. डी. व्हान्स यांनी हेच केलं.

आता मनी बिलाशी तुलना. आपल्याकडे अनुच्छेद ११० प्रमाणे एखादं विधेयक मनी बिल आहे की नाही हे लोकसभेचे अध्यक्ष ठरवतात, आणि एकदा तसं ठरलं की राज्यसभा ते १४ दिवसांपेक्षा जास्त अडवू शकत नाही. तिकडे रिकन्सिलिएशनमध्ये काय बसतं काय नाही याचा सल्ला सिनेटच्या पार्लमेंटेरियन देतात, एलिझाबेथ मॅकडोना २०१२ पासून त्या पदावर आहेत, कुठल्याच पक्षाच्या नाहीत. त्या ज्या नियमाने तपासतात तो बर्ड रूल, रॉबर्ट बर्ड या सिनेटरच्या नावावरून, १९८५ चा. ज्या कलमाचा सरकारच्या जमाखर्चाशी खरा संबंध नाही ते बाहेर, सोशल सिक्युरिटीला, म्हणजे तिथल्या सरकारी पेन्शनला, हात लावायचा नाही, आणि बजेटच्या मुदतीनंतर, म्हणजे बहुधा १० वर्षांनंतर, तूट वाढवायची नाही. २०२१ मध्ये किमान वेतन तासाला १५ डॉलर करायची तरतूद यातच उडाली. २०२२ मध्ये खाजगी विमा असलेल्यांना इन्सुलिन महिन्याला ३५ डॉलरमध्ये मिळावं ही तरतूदही अशीच नियमात बसेना, ती ठेवायला ६० मतं लागणार होती आणि मिळाली ५७. मेडिकेअर या सरकारी विम्यावरच्या वृद्धांची राहिली, बाकीच्यांची गेली. ५७ जण हो म्हणतायत आणि तरी औषधाच्या किमतीवरची मर्यादा नामंजूर होते हे मला आजही पटत नाही, नियम माहीत असूनही.

परीक्षेसाठी अजून एक मुद्दा लिहून ठेव. ही वाट एका बजेट ठरावाला साधारण एकदाच मिळते. ज्या गावाला दिवसातून एकच एसटी येते तिथे बाजाराला जाणारा, दवाखान्यात जाणारा, शाळेत जाणारा सगळे आपापलं ओझं घेऊन त्याच गाडीत चढतात, तसं वर्षानुवर्षं अडकलेलं सगळं या एकाच बिलात कोंबलं जातं, म्हणून ही बिलं एवढी अवाढव्य.

प्रश्न: बायडन यांच्याकडे २०२१ मध्ये दोन्ही सभागृहं होती. तरी साडेतीन लाख कोटी डॉलरचं त्यांचं बिल्ड बॅक बेटर बिल मेलं आणि दुसऱ्या वर्षी भलत्याच नावाने छोटं बिल आलं. स्ट्रॅटेजीत चुकलं कुठे? – एक वाचक, ठाणे

हा प्रश्न मला सगळ्यात आवडला, म्हणून उत्तर लांबणार आहे.

दोन्ही सभागृहं होती खरी, पण कशी? सिनेट ५०-५०, तेही ५ जानेवारी २०२१ च्या जॉर्जियातल्या दोन फेरनिवडणुका रफाएल वॉरनॉक आणि जॉन ऑसॉफ यांनी जिंकल्या म्हणून. हाउसमध्ये, म्हणजे खालच्या सभागृहातही, जेमतेम चार-पाच मतांची मोकळीक. म्हणजे सिनेटमध्ये डेमोक्रॅट्सपैकी प्रत्येक जण हा शेवटचा माणूस. मार्चमध्ये कोविड मदतीचं १.९ लाख कोटींचं बिल याच वाटेने ५०-४९ ने पास झालं, तेव्हाही मॅन्चिन बेकारी भत्त्यावर अडले आणि एका मतदानाला जवळपास १२ तास उघडं ठेवून त्यांच्याशी बोलणी करावी लागली. हा इशारा होता, पण संकट डोक्यावर होतं म्हणून ते निभावलं.

मग पक्षाने ठरवलं की दोन बिलं बरोबर चालवायची. एक रस्ते-पूल-रेल्वे-ब्रॉडबँडचं, रिपब्लिकनांना बरोबर घेऊन. दुसरं रिकन्सिलिएशनचं, मुलांसाठी, वृद्धांच्या देखभालीसाठी, हवामानासाठी, ते फक्त स्वतःच्या मतांवर. यामागे विचार असा की मध्यममार्गी लोकांना पहिलं हवंय, प्रमिला जयपाल यांच्या प्रोग्रेसिव्ह, म्हणजे पक्षातल्या जास्त डाव्या, गटाला दुसरं हवंय, दोन्ही एकमेकांना बांधून ठेवली की दोन्ही गट दोन्हीला मत देतील. कागदावर फार हुशारीचा बेत होता. सिनेटने १० ऑगस्टला पहिलं बिल ६९-३० ने पास केलं. पण हाउसमध्ये जॉश गॉटहायमर आणि त्यांच्याबरोबरचे मध्यममार्गी अडून बसले की आमच्या बिलावर सप्टेंबरअखेर मतदान घ्या, तिकडे प्रोग्रेसिव्ह म्हणाले की दुसरं झाल्याशिवाय पहिल्याला हात वर करणार नाही, आणि नॅन्सी पलोसींसारख्या मतांचा हिशोब कधी न चुकणाऱ्या स्पीकरलाही मतदान पुढे ढकलावं लागलं. शेवटी ५ नोव्हेंबरला पहिलं बिल २२८-२०६ ने पास झालं. सहा डेमोक्रॅट विरोधात गेले, १३ रिपब्लिकन बाजूने आले म्हणून वाचलं. पण त्या क्षणी गाठ सुटली. मध्यममार्गींना हवं ते मिळालं, आता दुसऱ्यासाठी त्यांच्यावर दबाव टाकायला हातात काहीच उरलं नाही. दुसरं बिल १९ नोव्हेंबरला हाउसमधून २२०-२१३ ने गेलं आणि सिनेटमध्ये अडकलं. १९ डिसेंबरला मॅन्चिन यांनी रविवार सकाळच्या टीव्ही मुलाखतीत सांगून टाकलं की मी याला मत देऊ शकत नाही.

मला यातली मोठी चूक दोन बिलांची वाटत नाही. मोठी चूक ही की शेवटच्या माणसाचा आकडा माहीत असून पक्ष दुसऱ्याच आकड्यावर भांडत राहिला. २८ जुलै २०२१ ला मॅन्चिन यांनी आपल्या अटी एका पानावर लिहून सिनेटमधले नेते चक शूमर यांना दिल्या होत्या, वरची मर्यादा दीड लाख कोटी. शूमर यांनी त्यावर सही केली आणि हाताने टीप लिहिली की यातल्या बऱ्याच मुद्द्यांवर मी जो यांचं मन वळवायचा प्रयत्न करीन. हा कागद बाहेर आला सप्टेंबरअखेरीला. म्हणजे दोन महिने साडेतीनवर सभा, मुलाखती, पोस्टर चालू होती आणि नेत्याच्या फायलीत दीड लिहिलेलं पान होतं. लोकांच्या अपेक्षा साडेतीनच्या झाल्या, मग पावणेदोनवर आले तेव्हाही ते हरल्यासारखंच वाटलं.

आणि साडेतीनचं पावणेदोन केलं ते कसं? काही योजना गाळल्या, पण उरलेल्यांपैकी बऱ्याच योजनांची नुसती मुदत कापली. ही एक वर्ष, ती तीन वर्षं, पुढचं पुढे बघू, म्हणजे कागदावर एकूण खर्च कमी दिसतो. मॅन्चिन यांचा सगळ्यात मोठा आक्षेप यालाच होता की एकदा चालू केलेली योजना कुणी बंद करत नाही, मग खरा खर्च लपवता कशाला. या मुद्द्यावर ते बरोबर होते असं मला वाटतं, भले त्यांच्यामुळे ज्या योजना गेल्या त्यातल्या काहींचं मला फार वाईट वाटतं. चाइल्ड टॅक्स क्रेडिटचंच, म्हणजे मुलांमागे मिळणाऱ्या करसवलतीचंच बघा. जुलै ते डिसेंबर २०२१ दर महिन्याला लहान मुलामागे ३०० डॉलरपर्यंत, मोठ्यामागे २५० पर्यंत थेट खात्यात येत होते. बिल मेलं, ते बंद झालं. अमेरिकेच्या जनगणना खात्याच्या पूरक मापाने बालदारिद्र्य २०२१ मध्ये ५.२ टक्के होतं, २०२२ मध्ये १२.४ झालं. यामागे बाकी कोविड मदत संपणं वगैरेही आहेच, पण हे पैसे बंद होणं हे मोठं कारण. काठावरच्या बहुमताची किंमत कोण देतं हे बघायचं असेल तर या दोन आकड्यांकडे बघा.

२०२२ मध्ये मात्र शूमर यांनी पद्धत बदलली. मॅन्चिन यांच्याशी दोघातच बोलणी, बाहेर एक शब्द नाही, आणि आकडा शेवटच्या माणसाला झेपेल तेवढाच. विरोधी नेते मिच मॅकॉनल यांनी धमकी दिली होती की रिकन्सिलिएशनचं बिल आणाल तर सेमीकंडक्टरच्या चिप्स बिलाला आमची मतं मिळणार नाहीत. २७ जुलैला चिप्स बिल सिनेटमध्ये ६४-३३ ने पास झालं आणि त्याच दिवशी काही तासांत शूमर-मॅन्चिन यांनी समझोता जाहीर केला. मग ॲरिझोनाच्या कर्स्टन सिनेमा उरल्या, त्यांनी गुंतवणूक फंडवाल्यांच्या कर सवलतीला हात लावायचं कलम काढायला लावलं, त्याऐवजी शेअर बायबॅकवर, म्हणजे कंपन्या स्वतःचेच शेअर परत विकत घेतात त्यावर, १ टक्का कर आला. ७ ऑगस्टला इन्फ्लेशन रिडक्शन ॲक्ट सिनेटमध्ये ५१-५० ने पास झाला, हवामान आणि ऊर्जेसाठी साधारण ३६,९०० कोटी डॉलर. रिपब्लिकनांनी २०२५ मध्ये यातून धडा घेतला की बिलं वेगळी करायचीच नाहीत. सिनेटवाल्यांना दोन बिलं हवी होती, सीमासुरक्षा आधी आणि कर नंतर, पण स्पीकर माइक जॉन्सन यांनी हट्टाने सगळं एकातच ठेवलं, कारण ज्याला हवं ते आधी मिळालं तो नंतर मत कशाला देईल.

प्रश्न: म्हापशाहून लिहितोय. आमच्या गोव्यात ४० ची विधानसभा, २०१७ मध्ये पर्रीकरांनी २२ विरुद्ध १६ ने बहुमत सिद्ध केलं तेव्हा छोटे पक्ष आणि अपक्ष यांना मंत्रिपदं मिळाली. तिकडे शेवटच्या मताला काय देतात?

तिकडे खासदाराला खासदार राहून मंत्री होताच येत नाही, घटनेतच मनाई आहे. त्यामुळे द्यायचं ते बिलाच्या मजकुरातच द्यावं लागतं, आणि म्हणून ते वाचून शोधता येतं. ट्रम्प यांच्या २०२५ च्या वन बिग ब्यूटिफुल बिलात, म्हणजे करकपात आणि खर्चाच्या त्यांच्या मोठ्या बिलात, अलास्काच्या लिसा मर्काउस्की या शेवटच्या मत होत्या. सुझन कॉलिन्स, रँड पॉल आणि थॉम टिलिस हे तिघे रिपब्लिकन नाही म्हणणार हे नक्की होतं, चौथं मत गेलं तर बिल पडलं असतं. रात्रभर सभागृहात नेते त्यांच्याभोवती होते. अन्न मदतीचा काही खर्च राज्यांच्या डोक्यावर टाकायचा होता, त्यात अलास्काला सूट हवी. आधी अलास्का आणि हवाई यांना धरून मजकूर करून पाहिला, तो बर्ड रूलमध्ये अडकला. मग ज्या राज्यांत मदत वाटपातल्या चुकांचं प्रमाण सगळ्यात जास्त त्यांना काही काळ सूट असं लिहिलं, कारण अलास्काचं प्रमाण २५ टक्क्यांच्या आसपास, देशात सर्वात वाईट. म्हणजे नीट काम करणाऱ्या राज्याला लगेच भार आणि गोंधळ घालणाऱ्याला सवलत, एका मतासाठी! ग्रामीण दवाखान्यांचा निधी दुप्पट करून ५,००० कोटी डॉलर केला, आणि अलास्कातल्या देवमासा पकडणाऱ्या कप्तानांची कर वजावट १०,००० वरून ५०,००० डॉलर. १ जुलैला ५१-५०. मतदान झाल्या झाल्या मर्काउस्की पत्रकारांना म्हणाल्या की बिल अजून तयार झालेलं नाही, हाउस ते सुधारेल अशी आशा आहे. हाउसने काना-मात्रा न बदलता ३ जुलैला २१८-२१४ ने पास केलं. स्वतःच्या राज्यासाठी त्यांनी जे मिळवलं ते त्यांचं काम होतं, पण न पटलेलं बिल दुसरं सभागृह दुरुस्त करील या भरवशावर हो म्हणणं मला चूक वाटतं.

सगळेच घेणारे नसतात हेही सांगायला हवं. २८ जुलै २०१७, पहाटे दीडचा सुमार, ओबामाकेअर हा ओबामांचा आरोग्य विमा कायदा मोडायचं रिपब्लिकनांचं बिल. त्यांचेच सिनेटर जॉन मॅकेन, मेंदूच्या कॅन्सरचं निदान नुकतंच झालेलं, चालत पुढे आले, हात वर करून थांबले आणि अंगठा खाली केला. तेव्हा बहुमतवाल्या रिपब्लिकनांचे नेते असलेले मॅकॉनल समोरच हाताची घडी घालून उभे होते. ४९-५१. मॅकेन यांना देण्यासारखं पक्षाकडे काहीच नव्हतं. आणि १९९३ मध्ये क्लिंटन यांचं बजेट हाउसमध्ये २१८-२१६ ने पास झालं तेव्हा मार्जरी मार्गोलिस-मेझविन्स्की या पहिल्याच टर्मच्या खासदाराने शेवटच्या क्षणी मतदारांना दिलेला शब्द बाजूला ठेवून हो म्हटलं, विरोधी बाकांवरून त्यांना तिथेच टाटा करून झालं, आणि पुढच्या वर्षी त्या खरंच हरल्या.

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत राहतो, आईवडील नाशिकला. त्या मोठ्या बिलात भारतात पैसे पाठवण्यावर ५ टक्के कर येणार म्हणून सगळ्या मराठी ग्रुपवर घबराट होती, मग म्हणे १ टक्का. नेमकं काय झालं?

हाउसच्या समितीत ते ५ टक्क्यांनी सुरू झालं, नागरिक नसलेल्यांनी पाठवलेल्या पैशावर. हाउसने पास करताना ३.५ केलं, सिनेटमध्ये शेवटी १ टक्का राहिलं, तेही फक्त रोख, मनी ऑर्डर किंवा बँकेचा चेक देऊन पाठवलं तर, आणि ते नागरिकांनाही लागू. अमेरिकन बँकेच्या खात्यातून किंवा तिथल्या डेबिट-क्रेडिट कार्डाने पाठवलं तर नाही. १ जानेवारी २०२६ पासून लागू झालंय. म्हणजे तुम्ही खात्यातून ट्रान्सफर करत असाल तर काळजी नको. घबराट मात्र उगाच नव्हती, रिझर्व्ह बँकेच्या पाहणीप्रमाणे २०२३-२४ मध्ये भारतात आलेल्या अशा पैशांत अमेरिकेचा वाटा २७.७ टक्के होता आणि राज्यांमध्ये महाराष्ट्र पहिला, २०.५ टक्के.

असल्या कलमांकडे बघायची एक दृष्टी सांगते. एवढ्या मोठ्या बिलात कर कमी करायचे तर कुठूनतरी पैसा दाखवावा लागतो, आणि ज्यांना मत नाही त्यांच्यावर तो बोजा टाकणं सगळ्यात सोपं असतं. तुमच्याच राज्यातल्या ज्यांना मत आहे त्यांचं काय झालं ते बघा. राज्य-स्थानिक कराची वजावट २०१७ च्या कर कायद्याने १०,००० डॉलरवर अडवलेली होती, न्यू यॉर्क-न्यू जर्सीकडच्या मूठभर रिपब्लिकन खासदारांनी हाउसमध्ये अडवून धरलं आणि ती मर्यादा काही वर्षांसाठी ४०,००० करून घेतली. मे महिन्यात हे बिल हाउसमध्ये २१५-२१४ ने गेलं होतं, तिथे चार-पाच जणांचा गट म्हणजे फार मोठी ताकद.

प्रश्न: बिल मोठ्याने वाचायला लावणं, आठ-आठ तास भाषण करणं, याने मिळतं काय? – एक वाचक, नागपूर

वेळ मिळतो. २०२१ मध्ये रिपब्लिकन सिनेटर रॉन जॉन्सन यांनी कोविड मदतीच्या बिलाची ६२८ पानं वाचायला लावली, सिनेटच्या क्लार्कना जवळपास ११ तास लागले. २०२५ मध्ये शूमर यांनी ट्रम्प यांच्या बिलाचं तेच केलं, सुमारे ९४० पानं, १६ तासांच्या आसपास. हाउसमध्ये विरोधी नेते केव्हिन मॅकार्थी २०२१ ला साडेआठ तास बोलले, २०२५ ला तेव्हाचे विरोधी नेते हकीम जेफ्रीज यांनी तो विक्रम मोडला. यामुळे बिल एकही थांबलं नाही. पण काठावरच्या बहुमतात सत्ताधारी पक्षाला घाई असते, ४ जुलैच्या आत सही पाहिजे असं ठरलेलं असतं, कारण बिल जितके दिवस उघड्यावर राहील तितकं कुणीतरी वाचतं, आपल्या मतदारसंघातल्या दवाखान्याचं काय होणार विचारतं, आणि एखादा आपलाच माणूस डळमळतो. म्हणून मी या वाचनाला वेळकाढूपणा म्हणणार नाही. ९४० पानांचं बिल मध्यरात्री आणून दुसऱ्या दिवशी मत मागणं हाच खरा लोकांशी गैरव्यवहार आहे, कुठल्याही पक्षाने केला तरी.

प्रश्न: एवढं सगळं ५१ मतांत होतं तर मग २०२५ मध्ये ४३ दिवस शटडाउन का? – एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

कारण खात्यांचा दरवर्षीचा चालू खर्च रिकन्सिलिएशनमध्ये होत नाही, ती नेहमीची बिलं, तिथे ६० लागतातच. रिपब्लिकनांकडे ५३. त्यामुळे १ ऑक्टोबरपासून १२ नोव्हेंबरपर्यंत कर्मचारी बिनपगारी, विमानतळांवर गोंधळ, अन्न मदत रखडलेली.

पण भांडण कशावरून होतं ते बघा, म्हणजे वरच्या ठाण्याच्या प्रश्नाशी धागा लागेल. आरोग्य विम्याच्या हप्त्यासाठी वाढीव सबसिडी डेमोक्रॅट्सनी मार्च २०२१ च्या त्या ५०-४९ वाल्या बिलात आणली, पण दोन वर्षांसाठीच. २०२२ च्या ५१-५० वाल्या बिलात ती तीन वर्षं पुढे ढकलली, २०२५ अखेरपर्यंत. कायमची करायला तेव्हा ना पैसे बसत होते ना शेवटचं मत. मुदत संपत आली तोवर सत्ता दुसऱ्या पक्षाकडे, आणि डेमोक्रॅट्सच्या हातात एकच गोष्ट उरली होती, ती म्हणजे चालू खर्चाच्या बिलाला ६० मतं न देणं. ती त्यांनी वापरली. शेवटी त्यांच्या बाजूच्या आठ जणांनी मत दिलं, ६०-४० झालं, बदल्यात डिसेंबरमध्ये सबसिडीवर मतदान घेऊ असं आश्वासन. मतदान झालं, पुरेशी मतं पडली नाहीत, ३१ डिसेंबरला सबसिडी संपली.

रिपब्लिकनांनीही हेच करून ठेवलंय. त्यांची टिपवरची करसवलत २०२८ पर्यंत, आणि मेडिकेड या गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य योजनेला कामाची अट लागू व्हायची तारीख नोव्हेंबर २०२६ च्या निवडणुकीनंतरची. म्हणजे गोड आधी, कडू मतदानानंतर. ज्यांना या अटीमुळे विमा जाण्याची भीती आहे त्यांनी, आणि तुमच्यापैकी ज्यांचे नातेवाईक तिकडे राज्य सरकारच्या आरोग्य योजनेवर आहेत त्यांनी, आपल्या राज्याने ती तारीख नेमकी कुठली धरलीय आणि कुठली कागदपत्रं मागितलीत हे आत्ताच विचारून घ्यावं.